वॉरंटीची डेबिट नोट आली, आता काय बघायचं?

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या सप्लायर कंपनीत क्वालिटीत नव्याने लागलेल्या इंजिनिअरच्या गळ्यात वॉरंटीचं काम हमखास पडतं. कस्टमरकडून, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून, क्लेमची एक्सेल येते, मागोमाग डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या नावे टाकल्याचा कागद, येते आणि अकाउंट्सवाले विचारतात, "हे मान्य करायचं का?"

आधी आकडा कसा बनतो ते पाहा. समजा, तुमची कंपनी बनवते तो वॉटर पंप ९०० रुपयांचा आहे. क्लेम मात्र ३,००० चा, कारण त्यात मजुरी, कूलंट, गॅस्केट, डीलरचा हँडलिंग खर्च हे सगळं धरलेलं असतं. महिन्यात १०० क्लेम झाले, तरी सगळे पंप परत येत नाहीत. नमुन्यादाखल २० येतात. त्यातले १२ तुमच्या दोषाचे ठरले तर जबाबदारी ६० टक्के, आणि ती शंभरच्या शंभर क्लेमना लागते. म्हणजे टेबलावरचा एकेक पंप ५ क्लेमचा, १५,००० रुपयांचा. "दोन-चार सोडून द्या हो" असं समोरचा हसत म्हणाला तरी सही करू नका.

पंप हातात आल्यावर तो पुसायचा नाही, धुवायचा तर नाहीच. पहिल्यांदा टॅग वाचा: चेसिस नंबर, विक्रीची तारीख, बिघाडाची तारीख, किलोमीटर, डीलरने लिहिलेली तक्रार. मग पंपावरचा बॅच कोड. कोडची तारीख गाडी बनल्याच्या नंतरची असेल, तर पंप आधी एकदा बदललेला आहे किंवा टॅग चुकलाय. कधी कधी पंप आपला नसतोच, दुसऱ्या सप्लायरचा निघतो. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मगच बेंचवर घ्या.

खरं भांडण "लीकेज" या एका शब्दावर होतं. वीप होलपाशी, म्हणजे सीलमधून झिरपलेलं कूलंट बाहेर पडायला ठेवलेल्या बारीक भोकापाशी, सुकलेला डाग दिसला की डीलर पंप बदलून मोकळा होतो. पण मेकॅनिकल सीलच्या, म्हणजे फिरत्या शाफ्टपाशी कूलंट अडवणाऱ्या सीलच्या, दोन घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये कूलंटचा पातळ थर असावाच लागतो. त्यातलं किंचित झिरपणं, विशेषतः नव्या पंपात, दोष नव्हे. ड्रॉइंगमधल्या दाबाला लीक टेस्ट पास झाली की आपण एनटीएफ, म्हणजे "दोष आढळला नाही", लिहितो. तेवढ्यावर थांबलात तर फसाल. थंड, स्थिर पंप पास होतो आणि गरम इंजिनवर फिरताना गळतो. गरम कूलंटवर फिरवून पाहिल्याशिवाय एनटीएफ लिहू नका. कस्टमरचा इंजिनिअर पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तो बरोबर असतो.

फेल झालेला पंप उघडल्यावर सीलवर पांढरा क्षार दिसला तर कूलंटऐवजी साधं पाणी भरल्याचा संशय घ्या. सीलची कार्बन रिंग जळून तडकली असेल तर पंप कोरडा चालला. पण कूलंट आधी कुठून गेलं, पंपातूनच तर नाही ना, हे पाहा. बेअरिंग एका बाजूने घासलं असेल तर बेल्टचा ताण तपासा, आणि तो ताण कुणी ठरवला तेही. अमेरिकेत गाड्या बनवणारी फोर्ड आणि तिला टायर पुरवणारी फायरस्टोन यांच्या वादात नेमकं हेच होतं: २००० साली ६५ लाख टायर परत बोलावले गेले. फोर्ड टायरला दोष देत होती; फायरस्टोनचं बोट एक्सप्लोरर गाडीकडे आणि फोर्डने सांगितलेल्या २६ पीएसआय दाबाकडे होतं. २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डचा पुरवठाच बंद केला.

सील कमी-जास्त खोलीवर दाबलेलं निघालं तर दोष आपला. त्याच दिवशी मान्य करा, त्या बॅचचा माल रोखा, ८डी (8D), म्हणजे मूळ कारण शोधून ते दूर करायची आठ टप्प्यांची पद्धत, सुरू करा. हे लपवलं तर तुमच्या एनटीएफवर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही.

करारात तीन कलमं शोधा: वॉरंटी गाडीच्या विक्रीपासून मोजायची की पुरवठ्यापासून, एनटीएफचा खर्च कुणाचा, आणि हरकतीची मुदत किती. ही मुदत उलटली की बऱ्याच करारांत क्लेम मान्य समजला जातो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५९ नुसार हमीभंग झाल्यास खरेदीदार किमतीतून नुकसान वजा मागू शकतो, त्यामुळे बहुतेकदा पैसे चालू बिलातूनच कापलेले असतात. "आम्हाला मान्य नाही" एवढा मेल पुरत नाही. जॉब कार्ड (डीलरकडच्या दुरुस्तीची नोंद) नंबरनिहाय कारण, फोटो, टेस्टचे आकडे आणि दोघांच्या सह्यांचा तपासणी अहवाल मुदतीच्या आत जोडा.