मूत्रपिंडाच्या रुग्णाला दही कसं द्यावं

शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचे. ह्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) वाढल्यापासून विरजणाच्या भांड्याकडेही त्याच नजरेने बघते, कारण ‘दही खा, किडनी साफ होते’ असं सांगणारे उदंड भेटतात. दह्यातले जिवाणू किडनीपर्यंत जात नाहीत. जे काही घडतं ते आतड्यात.

न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात पोचली की तिथले काही जिवाणू प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून इंडोल आणि टायरोसिन या घटकापासून पी-क्रेसॉल बनवतात. शरीरात त्यांची सल्फेटं होतात (इंडोलचं इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसॉलचं पी-क्रेसिल सल्फेट) आणि ती लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. ते थकलं की ही सल्फेटं रक्तात साचतात आणि उरल्यासुरल्या मूत्रपिंडालाही इजा करतात. रक्तातल्या प्रथिनांना ती चिकटून बसतात, त्यामुळे डायलिसिसनेही नीट निघत नाहीत. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम या उपयोगी जिवाणूंनी आतड्यात जागा अडवली तर हे विष मुळात कमी तयार होईल, असा हिशोब आहे. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या ‘सिनर्जी’ चाचणीत 37 रुग्णांना असे जिवाणू आणि त्यांचं खाद्य एकत्र दिलं. पी-क्रेसिल सल्फेट घटलं, इंडॉक्सिल सल्फेट मात्र फारसं हललं नाही. एवढ्यावरून किडनी वाचते असं मी तरी म्हणणार नाही. औषधं चालूच ठेवायची, दही जोडीला.

दूध उकळून कोमट होऊ द्या, बोट घातलं तर सोसेल इतपत. अर्ध्या लिटरला एक चमचा ताजं विरजण घालून नीट ढवळा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, थंडीत रात्रभर लागतं. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, कारण आंबट झालं की ह्यांना वरून मीठ हवं असतं. त्यातलं रोज किती द्यायचं ते पोटॅशियम, फॉस्फरसचे रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आम्हाला एक छोटी वाटी सांगितली आहे. पाणी मोजून पिणाऱ्याचं ताकही त्या मापातच धरायचं.

जिवाणूंना खाद्य लागतं, हे लोक विसरतात. माझा उपाय म्हणजे गार भाताचा दहीभात. भात शिजवून फार वेळ बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये टाकायचा. गार झाल्यावर त्यातल्या काही स्टार्चचं रूप बदलतं, ते लहान आतड्यात न पचता खाली जिवाणूंना मिळतं आणि ते त्यापासून ब्युटिरेट बनवतात, जे आतड्याच्या अस्तराचं इंधन. (मधुमेह असेल तर भात मोजूनच.) जिरं-हिंगाची फोडणी थंड करून वर घाला, काकडी किसून घाला, मीठ चिमूटभर, तेही दिवसाच्या 5 ग्रॅममधलंच. ‘लो सोडियम’ मीठ मात्र घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं. सैंधवाने काहीही वाचत नाही, तेही मीठच.

पोट रोज साफ व्हायला हवं. मल आतड्यात रेंगाळला की प्रथिनं कुजायला तेवढा जास्त वेळ मिळतो. पण पाण्यावर बंधन असेल तर इसबगोल स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्याला भरपूर पाणी लागतं.

कढी चवीला उत्तम, पण उकळली की जिवाणू मेले. इडलीचंही तेच. लोणच्यात मीठच इतकं की ते ताटातच नको.

औषधाच्या दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. किडनी बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला जिवंत जिवाणूंपासूनच संसर्ग होऊ शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर गोळी आधी घ्या आणि दोन तासांनी दही. बरोबर घेतलं तर दह्यातलं कॅल्शियम गोळीला अडवतं.