शॉवरचं अडकलेलं काट्रिज काढण्याआधी

सांगलीत विश्रामबाग काय, कुपवाड काय, बोअरचं पाणी असलेल्या घरात शॉवरची मूठ दोन-तीन वर्षांत जड होते. नदीकाठच्या रानात जमिनीवर पांढरा थर येतो, तोच प्रकार नळाच्या पोटात. काट्रिज म्हणजे मुठीखालचा, पाणी चालू-बंद करणारा नळाच्या आतला भाग. तो हलत नाही ते या क्षारामुळे. तेव्हा पाना हातात घेण्याआधी पुढची तयारी करा.

आधी पाणी. गच्चीवरचा बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तो खरंच बंद होतो का, हे खालचा नळ उघडून पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह अर्धवट बसतो आणि बारीक धार चालूच राहते. तसं असेल तर आधी त्याचं बघा, शॉवर नंतर. गीझरचं बटण बंद करून गरम पाणीही सोडून द्या. न्हाणीच्या जाळीवर फडकं टाका. बारका स्क्रू एकदा आत गेला की गेला.

मुठीखालचा स्क्रू बहुधा अ‍ॅलन कीचा (षटकोनी चावीचा) असतो, म्हणून २.५ आणि ३ मिमीच्या दोन्ही जवळ ठेवा. मोठा अ‍ॅडजस्टेबल पाना, पकड, जुना टूथब्रश, टॉर्च आणि पांढरं व्हिनेगर. व्हिनेगरला घाई करू नका: भिजवलेली चिंधी काट्रिज धरून ठेवणाऱ्या नटाभोवती गुंडाळा, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि दोन-तीन तास विसरून जा. संडास धुवायचं ॲसिड मात्र नको, क्रोमचा मुलामा जातो. ब्लोटॉर्चचा तर विचारही नको. भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप असेल, तो वितळेल.

आता नळ कोणता ते ओळखा. साध्या कॉकचं पितळी स्पिंडल उलटं फिरवून आट्यांवरून निघतं. सिंगल लिव्हरचं, म्हणजे गार-गरम दोन्हींना एकच मूठ असलेल्या नळाचं तसं नाही. वरचा नट काढल्यावर काट्रिज सरळ बाहेर ओढायचं, कारण तळाला दोन खुंट्या बॉडीच्या भोकांत बसलेल्या असतात. गोल फिरवलंत तर त्या मोडतात आणि तुकडे आत राहतात. पकडीने धरून किंचित डावी-उजवीकडे डोलवत, हळूहळू वर घ्या. झटका देऊ नका. बॉडी भिंतीत हलली की पुढचं काम प्लंबरचं नाही, टाइल्सवाल्याचं. नट दोन वेळा भिजवूनही हलत नसेल, तर तिथेच थांबून प्लंबरला बोलवा.

कुणी सांगेल, व्हॉल्व्ह उघडा, पाणीच ढकलून देईल. टाकी एक मजला, म्हणजे तीनेक मीटर वर असली तर दाब चौरस सेंटीमीटरला ०.३ किलो. काट्रिजच्या ३५ मिमीच्या तोंडावर जेमतेम तीन किलोचा जोर. काट्रिज जागचं हलणार नाही, आणि हललंच तर भिजाल तुम्ही.

नवीन काट्रिज आधी आणलं नसेल तर मात्र पंचाईत. ३५ आणि ४० मिमी वरून सारखंच दिसतं, खुंट्यांची जागाही कंपनीगणिक वेगळी. नळाच्या कंपनीचं नाव आणि मुठीचा फोटो दुकानात दाखवा. तरी खात्री नसेल, तर जुनं काढून तेच घेऊन जा, पण सकाळी, दुकानं उघडल्यावर. रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको. काही रबर त्याने फुगतात. आणि पाणी भरायची वेळ टाळून काम काढा, नाहीतर घरातली मंडळी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडतील.