विमानतळावरच्या खासगी सुरक्षेची माहिती मागताय? या चुका टाळा

मुंबई विमानतळावर प्रवाशाची आणि त्याच्या सामानाची तपासणी एकच यंत्रणा करते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दाराशी ओळखपत्र पाहणारा, रांग लावणारा, अंगझडती घेणारा आणि चेक-इन केलेली बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर तिची क्ष-किरण प्रतिमा पाहणारा, हे सगळे एकाच मालकाचे नोकर नसतात. बॅगेतून वस्तू गेली, झडतीत अपमान झाला किंवा ‘या खासगी माणसांना प्रशिक्षण कोण देतं?’ असा साधा प्रश्न पडला, की लोक माहितीचा अधिकार वापरतात. ते योग्यच आहे. पण यातले बरेच अर्ज वाया जातात, आणि ते पाहून वाईट वाटतं, कारण मागितलेली माहिती बहुधा मिळण्यासारखी असते.

यंत्रापाशी कोण उभा होता, यावरून पत्ता ठरवू नका

सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ या विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, सोपवायला सुरुवात झाली, फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून. मुंबईतही प्रवाशांची आणि हातातल्या सामानाची तपासणी सीआयएसएफच करते. चेक-इन बॅगा पट्ट्यावरच तपासणाऱ्या ‘इन-लाइन’ यंत्रणेवर मात्र विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचे स्क्रीनर, म्हणजे प्रतिमा तपासणारे कर्मचारी, असतात. कार्गोची तपासणी वेगळ्या संस्था करतात. रांगांची व्यवस्था आणि तत्सम ‘नॉन-कोअर’, म्हणजे थेट सुरक्षेची नसलेली, कामं खासगी रक्षकांकडे गेली आहेत. विमान (सुरक्षा) नियम, २०२३ मध्ये त्यासाठी स्पष्ट तरतूद आहे. त्याआधीच देशातल्या पन्नासेक विमानतळांवर सीआयएसएफची ३,०४९ पदं रद्द करून त्यांच्या जागी १,९२४ खासगी रक्षक नेमण्याचा निर्णय झाला होता.

म्हणजे तपासणी खासगी माणसाकडे असली, तरी त्याला मंजुरी देणारा, परीक्षा घेणारा आणि ऑडिट करणारा सरकारी आहे. त्या कार्यालयाचं नाव नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. १९७८ मध्ये ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यामधला एक कक्ष म्हणून सुरू झालं आणि एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या दुर्घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ पासून, स्वतंत्र विभाग झालं. स्क्रीनरचं प्रमाणपत्र, खासगी संस्थेची सुरक्षा मंजुरी, विमानतळाचा मंजूर सुरक्षा कार्यक्रम, या सगळ्याच्या फायली तिथे असतात. ब्युरोचं प्रादेशिक कार्यालय मुंबईतही आहे. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला हवा असलेला कागद कोणत्या सरकारी कपाटात असेल?

सीआयएसएफला सरसकट अर्ज पाठवू नका

माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार दुसऱ्या अनुसूचीतल्या गुप्तचर आणि सुरक्षा संघटनांना हा कायदा लागू नाही, आणि सीआयएसएफ त्या यादीत आहे. ‘टर्मिनल २ वर किती जवान आहेत?’ असा अर्ज दोन ओळींच्या नकारासह परत येतो आणि महिना फुकट जातो.

याला दोन अपवाद आहेत: भ्रष्टाचाराचे आरोप आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप. ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, हे जाहीरपणे मांडलं होतं. सीआयएसएफने तेव्हा माफी मागितली. असा अनुभव तुम्हाला किंवा घरच्या कुणाला आला असेल, तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘ही माहिती मानवी हक्क उल्लंघनाच्या आरोपासंबंधी, कलम २४(१) च्या परंतुकाखाली मागत आहे’ असं लिहा (परंतुक म्हणजे कलमातली अपवादाची तरतूद). खाली तारीख, ठिकाण आणि काय घडलं ते चार वाक्यांत द्या. अशी माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने मिळते आणि तिची मुदत ४५ दिवसांची असते, म्हणून तिसाव्या दिवशी अपील करायला धावू नका. एरवी माहिती मागताना कारण द्यावं लागत नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट सांगतं. इथे मात्र आरोप लिहिल्याशिवाय दार उघडतच नाही.

कंपनीच्या दारात अडकून राहू नका

मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के हिस्सा आहे आणि बाकीची मालकी खासगी आहे. अशी कंपनी ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरते का, हा वाद माहिती आयोगातून न्यायालयात गेलेला आहे. तो वाद तुमच्या एका अर्जावर सुटणार नाही. तुम्हाला माहिती हवी आहे, तेव्हा वळसा घ्या.

तो वळसा कलम २(एफ) मध्ये आहे. ‘माहिती’ची तिथली व्याख्या अशी: एखाद्या खासगी संस्थेविषयीची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या एखाद्या कायद्यानुसार मिळवता येते, तीही माहितीच. विमान सुरक्षेच्या नियमांखाली बीसीएएस विमानतळ चालकाकडून आणि सुरक्षा संस्थांकडून तपशील घेऊ शकतं. ब्युरोची मंजुरी नसेल तर या कंपन्यांना तिथे कामच करता येत नाही. हा अधिकार किती खरा आहे, ते १५ मे २०२५ ला दिसलं. ब्युरोने सेलेबी या कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली आणि मुंबईसह अनेक विमानतळांवरचं तिचं ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे जमिनीवर विमानं आणि सामान हाताळण्याचं, काम थांबलं. म्हणून अर्जात ‘ही माहिती आपल्या कार्यालयात उपलब्ध आहे किंवा कलम २(एफ) नुसार आपल्याला मिळवता येते’ हे वाक्य घालाच.

मग कलम ११ येतं. कंपनीने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल, तर जन माहिती अधिकारी (अर्जावर निर्णय देणारा त्या कार्यालयातला अधिकारी) ५ दिवसांत कंपनीला नोटीस देतो आणि तिला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. अशा अर्जावर निर्णय ४० दिवसांत व्हायला हवा. ‘त्रयस्थ पक्षाने (म्हणजे कंपनीने) हरकत घेतली, म्हणून माहिती देता येत नाही’ एवढंच उत्तर आलं तर ते अपुरं आहे. हरकत ऐकायची असते, तिच्यापुढे मान तुकवायची नसते. निर्णय अधिकाऱ्याने कारणांसह द्यायचा आहे.

‘का?’ विचारू नका

‘खासगी रक्षक प्रवाशांशी उद्धट का वागतात?’ हा प्रश्न रास्त आहे, पण याचं उत्तर कोणत्याही फायलीत नाही. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदीत असलेली माहिती द्यावी लागते, नवी तयार करावी लागत नाही आणि मतंही द्यावी लागत नाहीत. म्हणून ‘का’ काढा आणि कागदाचं नाव घाला. बीसीएएसकडे जाणाऱ्या अर्जाचा गाभा असा असू शकतो:

‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, मुंबई यासंबंधी: (१) सुरक्षा मंजुरी दिलेल्या खासगी सुरक्षा संस्थांची यादी, कामाचे स्वरूप व मंजुरीच्या तारखेसह, (२) स्क्रीनर प्रमाणपत्र परीक्षेस बसलेल्या व उत्तीर्ण झालेल्या खासगी कर्मचाऱ्यांची संख्या, (३) खासगी कर्मचाऱ्यांविरुद्ध आलेल्या प्रवाशांच्या तक्रारींची नोंदवही व त्यावरील कार्यवाहीच्या प्रती, (४) नियमभंगाबद्दल केलेल्या दंडात्मक कारवाईच्या आदेशांच्या प्रती, (५) वरील नोंदी प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी.’

पाचवा मुद्दा विसरू नका. ‘माहिती विखुरलेली आहे, संकलित करता येत नाही’ असं उत्तर आलं, तरी फायली पाहायला जाण्याची मागणी उरते. पाहणीचा पहिला तास मोफत असतो, पुढे तासाला ५ रुपये. नोंदी दिल्लीत असतील तर मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला द्याव्यात, अशी विनंती त्यातच करा.

आणखी एक सवय लावून घ्या. तुमची स्वतःची तक्रार असेल तर आधी ती लेखी नोंदवा, मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा संबंधित कार्यालयात. क्रमांक घ्या, आणि मग त्या क्रमांकाच्या तक्रारीवर रोज काय झालं, कोणत्या अधिकाऱ्याकडे ती किती दिवस पडून होती, त्याच्या टिपणीसह प्रती मागा. माहिती अधिकाराच्या अर्जातच तक्रार लिहिली तर दोन्ही बुडतात.

जे मिळणार नाही, ते सगळ्यासोबत बांधू नका

कॅमेरे कुठे आहेत, कोणत्या फाटकावर किती माणसं असतात, यंत्र काय पकडतं आणि काय सुटतं, हे सुरक्षेच्या कारणासाठी कलम ८(१)(ए) खाली नाकारलं जाईल, आणि नाकारलं जावंच. विमानात आपणच बसतो. पण अर्जात असा एक मुद्दा असला की तो पाहून अधिकारी अख्खा अर्ज सुरक्षेच्या नावाखाली बंद करतात, हा खरा तोटा. सेलेबीच्या प्रकरणात मंजुरी रद्द करण्यामागची माहिती न्यायालयालाही बंद लिफाफ्यात दिली गेली. तेव्हा कारणमीमांसेपेक्षा संख्या, तारखा, आदेश आणि खर्च मागा. शेवटी लिहा: ‘काही भाग वगळणे आवश्यक वाटल्यास कलम १० नुसार उर्वरित माहिती द्यावी.’

कर्मचाऱ्यांची नावं, पत्ते, पगार मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८(१)(जे) बदललं आहे आणि त्यातली सार्वजनिक हिताची कसोटी गेली. कलम ८(२) मधला व्यापक सार्वजनिक हिताचा मार्ग अजून आहे, पण नावांसाठी तो खर्ची घालण्यात अर्थ नाही.

पैशाबद्दल मात्र मोकळेपणाने विचारा. तिकिटावरचा ‘एएसएफ’, म्हणजे विमान सुरक्षा शुल्काचा, आकार बघा. एप्रिल २०२१ पासून तो देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला १२ डॉलर आहे. हे पैसे राष्ट्रीय विमान सुरक्षा शुल्क न्यासात जातात आणि सीआयएसएफचा खर्च त्यातून भागतो. न्यासाची जमा, खर्च आणि लेखापरीक्षण अहवाल नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे मागता येतात. लोक हे जवळजवळ कधीच विचारत नाहीत, याचं आश्चर्य वाटतं.

दहा रुपयांची चूक

बीसीएएस, विमानतळ प्राधिकरण आणि मंत्रालय ही केंद्राची कार्यालयं. त्यांना कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट किंवा केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्जाचं १० रुपये शुल्क भरा. अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत ठेवा.

नवी मुंबई विमानतळाबद्दल विचारायचं असेल तर तिथे सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे, आणि सिडको राज्याची. तिथे महाराष्ट्राचे नियम लागतात: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, पण अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. खासगी सुरक्षा संस्थेचा परवानाही खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाच्या २००५ च्या कायद्याखाली राज्यच देतं, त्यामुळे तो प्रश्न गृह विभागाकडे. राज्याच्या कार्यालयासाठीचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर टाकला तर तो परत येतो आणि शुल्कही मिळत नाही.

फुटेजसाठी माहिती अधिकाराची वाट पाहू नका

कॅमेऱ्याचं चित्रण ठराविक काळानंतर पुसलं जातं आणि उत्तराची मुदतच ३० दिवसांची असते. बॅगेतून दागिना गेला, तर त्याच दिवशी सहार किंवा विमानतळ पोलीस ठाण्यात तक्रार द्या. विमानतळ चालकाला आणि सीआयएसएफला ईमेल करा: वेळ, पट्ट्याचा क्रमांक, बॅग टॅगचा क्रमांक आणि ‘हे चित्रण जपून ठेवावे’ ही विनंती. नंतर माहिती मागताना हा ईमेल जोडा.

उत्तर आलं की नवा अर्ज टाकू नका

‘हा विषय आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही’ हे उत्तर एकट्याने पुरेसं नाही. कलम ६(३) नुसार अर्ज ५ दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. लोक चिडून दुसरा, तिसरा अर्ज करतात आणि पहिल्या अर्जाच्या अपिलाची मुदत हातची जाते. उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत प्रथम अपील करा. केंद्रात त्याला शुल्क नाही, राज्यात २० रुपये आहेत. अपिलात प्रत्येक मुद्द्यापुढे दोनच गोष्टी लिहा: काय मागितलं आणि काय दिलं. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. मुदत उलटल्यानंतर माहिती द्यायला तयार झालेलं कार्यालय पानामागे २ रुपये मागत असेल, तर भरू नका. कलम ७(६) दाखवा, ती माहिती मोफत द्यावी लागते.