सोसायटीच्या वाचन ग्रुपसाठी पुस्तक कसं निवडायचं

आधी पानं बघा, नोकरी-घर सांभाळून महिन्यात दीडदोनशे पानंच नीट वाचून होतात, त्यामुळे सुरुवातीला व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 'बनगरवाडी' (१९५५) एकदम बेस्ट, छोटी आहे आणि त्यातल्या मास्तरवर, दुष्काळावर सगळ्यांनाच बोलता येतं. पुस्तक मिळतंय का तेही चेक करा, वाचनालयात किती कॉपी आहेत विचारा, कुठेच मिळत नसेल तर कितीही भारी असू दे, सोडा. आणि प्लीज, सगळ्यांना आवडेल असंच शोधत बसू नका! दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' (१९७८) घेतलंत तर लोक अस्वस्थ होतील, पण खरी चर्चा तिथेच होते. दरमहा वेगळ्या मेंबरने तीन नावं सुचवायची, बाकीच्यांनी व्हॉट्सॲप पोलवर मत द्यायचं.