बसथांब्यासमोर तळं का साचतं? रस्त्याकडेला पाणी जिरवणारे वाफे करताना या चुका टाळा

रस्त्यावरचं पाणी थेट गटारात ढकलायचं नाही. आधी कडेच्या वाफ्यात घ्यायचं, माती-खडीतून गाळायचं, जमेल तेवढं जमिनीत जिरवायचं आणि उरलेलं पावसाळी गटाराला द्यायचं. ही कल्पना आता आपल्याकडच्या रस्त्यांच्या आराखड्यांतही दिसू लागली आहे. कागदावर ती छानच दिसते. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा वाफा हिरवागार असतो आणि त्याच्या शेजारच्या बसथांब्यासमोर घोटाभर पाणी साचलेलं असतं. याचं कारण एकच, सुशोभीकरण समजून केलेलं काम. हे काम आधी उतारांचं आहे, मग मातीचं. झाडांचा नंबर तिसरा.

वाफा रस्त्याच्या वर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. दीड फुटाचा कट्टा बांधायचा, त्यात लाल माती शिगोशीग भरायची आणि वर शोभेची रोपं लावायची. अशा वाफ्यात रस्त्याचं पाणी शिरणार कुठून? उलट जोराची सर आली की वाफ्यातली माती रस्त्यावर येते आणि पुढच्या चेंबरची जाळी बुजवते. पाणी घ्यायचं असेल तर मातीचा पृष्ठभाग रस्त्याच्या कडेपेक्षा १५० ते २०० मिलिमीटर खाली हवा.

मग येतं पाण्याचं तोंड. कर्बस्टोनमध्ये, म्हणजे पदपथाच्या कडेच्या दगडात, चार इंची पाइपाचा तुकडा बसवून काम संपवणारे ठेकेदार कमी नाहीत. वेफर्सचं एक रिकामं पाकीट आडवं आलं की ते तोंड बंद. तोंड वरून उघडं ठेवा, किमान ४५० मिलिमीटर रुंद ठेवा. समोरच्या पाणपट्टीला, म्हणजे कर्बलगत पाणी वाहतं त्या पट्टीला, तेवढ्या भागात ५० मिलिमीटरचा खोलगटपणा द्या, म्हणजे उताराने धावणारं पाणी तोंडासमोरून सरळ निघून न जाता आत वळेल. आत शिरतानाही लगेच ५० मिलिमीटरची उतरण हवी. ती नसेल तर पहिल्याच महिन्यात तोंडाशी गाळ बसतो, त्यावर गवत उगवतं आणि तयार झालेला तो छोटासा बांध पाण्याला परत रस्त्यावर पाठवतो. आतला पहिला मीटरभर भाग माती न भरता काँक्रीटच्या तळाची गाळकुंडी करा. आकार असा ठेवा की फावडं सहज फिरेल.

एवढं सगळं नीट केलं तरी डांबरीकरणाचा धोका उरतोच. जुना थर खरवडून न काढता वर नवा थर चढवायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. असे दोन थर चढले की तोंडाची उंची निम्म्यावर येते, पाणपट्टीचा खोलगटपणा भरून जातो आणि चेंबर खड्ड्यात जातात. त्यामुळे 'मिलिंग (म्हणजे जुना थर खरवडणं) केल्याशिवाय थर चढवायचा नाही' ही अट रस्त्याच्या निविदेत लिहून घ्या. उद्यानाच्या निविदेत लिहून काहीच उपयोग नाही.

थांब्याशी गाठ

साध्या रस्त्यावर वाफा चुकला तर फार तर झाडं मरतात. थांब्यापाशी चुकला तर माणसांचे हाल होतात. ते कसे होतात हे एकदा पावसात उभं राहून पाहावं. कर्बला लागून पाणी साचलेलं असतं, म्हणून चालक बस मीटरभर अलीकडेच उभी करतो. लो-फ्लोअर बसचा सगळा फायदा तिथेच संपतो. पदपथावरून थेट आत पाऊल टाकायचं सोडून माणूस आधी पाण्यात उतरतो, मग वर चढतो. व्हीलचेअरचा रॅम्प तर उघडताच येत नाही. मागचे रिक्षावाले आणि दुचाकीवाले त्या मीटरभर फटीत घुसतात ते वेगळंच.

त्यामुळे वाफा थांब्याच्या चढाच्या बाजूला हवा, म्हणजे पाणी थांब्यापर्यंत पोहोचायच्या आधीच उचललं जाईल. नकाशावर झाडं कुठे शोभतात ते पाहून वाफा थांब्याच्या पुढे, म्हणजे उताराच्या बाजूला ठेवला जातो. मग सगळं पाणी आधी प्रवाशांच्या पायांखालून जातं आणि नंतर वाफ्यात शिरतं. थांबा रस्त्याच्या सर्वांत खोलगट जागी असेल तर वाफ्याने भागणार नाही. एक तर थांबा २०-३० मीटर सरकवा, नाहीतर तिथे मोठ्या तोंडाचं पावसाळी चेंबर द्या.

दुसरी चूक थांब्याच्या लांबीतच वाफा घालण्याची. बस १२ मीटरची असते, दारं दोन असतात आणि चालक दर वेळी रेघेवर अचूक थांबेल असं धरून आराखडा करता येत नाही. दोन्ही दारांसमोर आणि त्यांच्या आगेमागे सलग, कोरडा, फरसबंद पदपथ हवा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००५ साली साउथवेस्ट ट्वेल्फ्थ ॲव्हेन्यूवर केलेलं काम या बाबतीत पाहण्यासारखं आहे. तिथे ओळीने चार वाफे आहेत. पहिल्यात पाणी सुमारे सहा इंच चढलं की दुसऱ्या तोंडातून बाहेर पडून पुढच्या वाफ्यात जातं. कर्ब आणि वाफा यांच्यामध्ये तीन फुटांची फरसबंद पट्टी सोडली आहे, ती गाडीतून उतरणाऱ्या माणसाला पाय टेकायला. एवढी साधी गोष्ट आपल्या आराखड्यांत सापडत नाही.

तिसरी चूक पुढे काढलेल्या थांब्याची. पदपथ रस्त्यात फुगवून बस तिथेच उभी करणं ही पद्धत चांगली आहे, पण तो फुगवटा पाणपट्टी आडवी अडवतो. फुगवट्याच्या आधी चेंबर किंवा वाफ्याचं तोंड नसेल तर तिथे तळं ठरलेलंच. काही जण खालून झाकलेला चर नेतात. तो दर पावसाळ्यात तुंबतो, आणि जाळ्या उचलायला कुणी येत नाही.

वाफ्याकडून भलत्या अपेक्षा

'वाफे केले, आता पूर येणार नाही' असं उद्घाटनाच्या भाषणात ऐकू येतं. जरा हिशेब करू. रस्त्याची एक बाजू १२ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब धरली, तर तासाला ५० मिलिमीटर पावसात तिथून ६०,००० लिटर पाणी वाहतं. तिथल्या ३० मीटर लांब, दीड मीटर रुंद वाफ्यात वर १५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते होतं ६,७५० लिटर. खालची ६०० मिलिमीटर सच्छिद्र माती, एक चतुर्थांश पोकळी धरून, आणखी तेवढंच घेते. एकूण साडेतेरा हजार लिटर, म्हणजे जेमतेम ११ मिलिमीटरचा पाऊस. तशा धुवांधार सरीत वाफा पाऊण तासही नाही, पंधरा मिनिटांच्या आत भरतो.

म्हणून वाफे बिनकामाचे ठरत नाहीत. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाचा पाऊस साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर आहे, बरेच पावसाळी दिवस भुरभुरीचेच असतात आणि ते सगळं पाणी वाफा पचवतो. शिवाय आठ महिन्यांची धूळ, तेल आणि टायरची काजळी घेऊन येणारं जूनमधलं पहिलं घाण पाणी नदीत जाण्याआधी गाळलं जातं. पण मोठ्या पावसासाठी गटारच लागतं. मुंबईची पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशी करायचं काम 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पात हाती घेतलं गेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यापुढे रस्त्याकडेच्या वाफ्याचं नावही काढू नये. प्रत्येक वाफ्याला वरच्या पातळीवर गटाराकडे जाणारी सांडव्याची वाट हवी, आणि सांडव्याचं तोंड थांब्याच्या पातळीपेक्षा खाली हवं. पोर्टलंडचा पाऊस वर्षाच्या बऱ्याच महिन्यांत रिमझिम पडतो, आपला चार महिन्यांत कोसळतो. तिथली मापं जशीच्या तशी उचलू नका.

मे महिन्यातली चाचणी

जमीन पाणी किती पिते हे पाहायला खड्डा खणून पाणी ओततात. निविदेच्या घाईत हे काम होतं मे महिन्यात. तेव्हा काळ्या मातीला हातभर भेगा पडलेल्या असतात, आणि ओतलेलं पाणी बघता बघता गडप होतं. जुलैमध्ये तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तसंच उभं राहतं. चाचणी भर पावसाळ्यात करा. नाही जमलं तर खड्डा आदल्या दिवशी पूर्ण भिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि मग मोजा. पाणी तासाला १२-१५ मिलिमीटरपेक्षा कमी उतरत असेल किंवा दोन-तीन फुटांवर काळा कातळ लागत असेल, तर तळाला खडीत छिद्रांचा पाइप टाकून तो गटाराला जोडा. दख्खनच्या कातळावरच्या शहरांत हा पाइप बहुतेक वेळा लागतोच.

वाफ्यात बागेची लाल माती किंवा उकरलेला मुरूम भरू नका. वाळूचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण हवं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरणार असाल तर धुतलेलीच घ्या, कारण तिच्यातली भुकटी छिद्रं लिंपून टाकते. रस्त्याच्या बाजूला उभा जाड प्लास्टिकचा पडदा किंवा काँक्रीटची भिंत द्या. नाहीतर पाणी रस्त्याखालच्या काळ्या मातीत शिरून ती फुगवेल आणि डांबराला लांबच लांब भेग पडेल.

डासांची तक्रार थट्टेवारी नेऊ नका, ती खरी असते. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. वाफा २४ तासांत रिकामा होत असेल तर प्रश्न मिटला.

आणि एक अगदी फुकट चाचणी: मार्चमध्ये, कोरड्या दिवशी, पावसाळी गटारात डोकावा. पाणी वाहताना दिसलं तर ते बहुधा सांडपाणी आहे. आधी त्याची जोडणी शोधून तोडा. मगच वाफ्याचा विचार करा, नाहीतर गटार तुंबताच वाफ्यात मैला येईल.

पेव्हर आणि मेट्रो

'पाणी झिरपणारे पेव्हर' बसवायचे आणि खाली मात्र पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओतायचं, हा प्रकार सर्रास चालतो. वरचं पाणी काँक्रीटवर थांबतं. खाली खडीच हवी, सांध्यांत बारीक भुकटी नको, छोटी कच हवी. बस उभी राहते तिथे पेव्हर घालूच नका. भरलेल्या मोठ्या बसचं वजन १६ टनांच्या आसपास असतं. रोज त्याच जागी ब्रेक लागले की ठोकळे सरकतात आणि चाकोरी पडून तीत पाणी साचतं. तिथे काँक्रीट, आणि झिरपणारी फरसबंदी पदपथावर, सायकलमार्गावर, पार्किंगमध्ये.

मेट्रोच्या पुलाखालच्या दुभाजकात लावलेली झाडं भर पावसाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगतात. वर छप्पर असल्यावर दुसरं काय होणार! पुलावरचं तुलनेने स्वच्छ पाणी खांबातल्या पाइपांतून खाली येतंच. ते रस्त्यावर सोडण्याऐवजी त्याच दुभाजकात किंवा पुनर्भरण खड्ड्यात घ्या. भुयारी स्थानकाच्या दाराशी मात्र वाफ्याची हौस करू नका. २६ मे २०२५ ला मुंबईच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. तिथे पाणी दारापासून लांब नेणं एवढंच काम.

झाडांबद्दल थोडक्यात. लॉन नको. आठवडाभर ओल आणि नंतर महिनोन् महिने कोरड, दोन्ही सोसणारी झाडं हवीत. वाळा उत्तम, पण तो पुरुषभर वाढतो, म्हणून चौकात आणि थांब्यालगत नको. तिथे गुडघ्याइतकीच झाडी ठेवा, चालकाला पोर दिसलं पाहिजे. वृक्षांत करंज आणि ताम्हण भरवशाचे.

बिघाड कुठे आहे ते ओळखा

पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन जा. पाणी तोंडासमोरून निघून जातंय तर समोरचा खोलगटपणा भरलाय किंवा तोंड अरुंद आहे. आत जातंय पण दुसऱ्या दिवशीही उभं आहे, तर पाइपाचं टोक आणि वरचा गाळाचा पापुद्रा तपासा. बऱ्याचदा वरची दोन इंच माती खरवडून बदलली की भागतं, सगळा वाफा उकरायची गरज नसते. वरच्या टोकाची झाडं वाळलेली आणि खालच्या टोकाची कुजलेली दिसली, तर वाफा उतारावर सरळ खाली केलाय. मध्ये आडवे छोटे बांध घालून पायऱ्या करा. फक्त तोंडाजवळची रोपं उखडली असतील तर तिथे चपटे दगड बसवा.

तोंडाशी रोज कचरा असेल, तर झाडणाऱ्या ताई-दादांशी बोला. कर्बला भोक दिसलं की केर त्यात लोटणं सोपं पडतं, आणि ते कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवटची अडचण खात्यांची. तोंड पथ विभागाचं, झाडं उद्यान विभागाची, पाइप मलनिःसारणचा, केर घनकचरा विभागाचा, थांबा परिवहनचा. नालेसफाई मे महिन्यात होते आणि गाळकुंडी भरते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यामुळे दोन पावसाळ्यांची देखभाल मूळ ठेक्यातच घ्या, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गाळ काढण्याची बाब दरपत्रकात वेगळी दाखवा, आणि प्रत्येक वाफ्याला क्रमांक देऊन तो परिवहनच्या थांब्याच्या क्रमांकाशी जोडा. म्हणजे 'थांब्यासमोर पाणी साचलंय' अशी तक्रार आली की कुठल्या वाफ्याचं तोंड बघायचं हे कनिष्ठ अभियंत्याला लगेच कळेल.