गणपतीला गावी जाताना बॅग कशी भरायची

आधी हात मोजायचे, मग नग. आमच्याकडे बॅगा भरायचा नियम एवढाच आहे आणि तो आम्ही कोकण रेल्वेच्या वैभववाडी स्टेशनवर पहाटेच्या अंधारात शिकलो. गाडी तिथे जेमतेम दोन मिनिटं थांबते. आम्ही तीन मोठी माणसं, एक झोपलेलं पोर आणि नग नऊ. हिच्या कडेवर पोर म्हणजे हिचा एक हात बाद, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे ती दांडा धरूनच उतरणार म्हणजे तिचाही एक बाद, राहिले चार हात, आणि दारात चढणाऱ्यांची ही गर्दी. गाडी हलली तेव्हा सात नग खाली, दोन नग गाडीत आणि मीही गाडीतच. कणकवलीला उतरून उलटा आलो. बरं त्या दोन नगांत होतं काय, तर एक जाड ब्लँकेट आणि मावशीने गावी द्यायला दिलेला डिनर सेट.

तर, प्रत्येक मोकळ्या हाताला एक नग आणि पाठीवर एक सॅक, संपलं. लहान पोरांचे हात मोजायचे नाहीत, उतरायच्या वेळी ती झोपलेलीच असतात. कागदावर रेल्वे स्लीपरला आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेऊ देते, पण गणपतीच्या गाडीत प्रश्न किलोचा नसतोच. एका बर्थवर तीन माणसं, पॅसेजमध्ये माणसं, टॉयलेटच्या दाराशी माणसं, त्यातून तुम्ही बॅग डोक्यावर धरून दारापर्यंत पोचता का एवढाच प्रश्न असतो. म्हणून भरून झाली की बॅग उचलून एकदा सोसायटीचा जिना खाली उतरा आणि परत चढा. मध्येच टेकवावी लागली तर परत उघडा आणि काढा काहीतरी.

बॅग कुठली, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. चाकांची कडक सूटकेस दिसायला छान, एअरपोर्टवर उत्तम, पण आमच्या घरी रस्त्यापासून पुढे लाल मातीची पायवाट आणि मग चिऱ्याच्या पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या. तिथे चाकं काय करणार? ती सूटकेस शेवटी डोक्यावरच येते. त्यापेक्षा मऊ कापडाची डफल घ्या, दाबून सीटखाली सरकते, येताना फुगते, आणि तिचा बंद खांद्यात अडकवता येतो. बॅग काळी असेल तर जुन्या साडीच्या काठाची पट्टी बंदाला बांधा, कारण अख्ख्या डब्यात सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात. निघायच्या आधी सगळे नग एका जागी ठेवून एक फोटो काढा. फॅमिली ग्रुपवर टाकायला नाही हो, उतरल्यावर मोजायला.

आता पाऊस. गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, २०२५ ला २७ ऑगस्टला होते, कधी सप्टेंबरच्या मध्याला, पण कोकणात तेव्हा कपडे वाळत नाहीत हे दोन्हीकडे सारखंच. बॅग भरताना सगळा विचार इथूनच सुरू करायचा. जीन्स न्यायचीच नाही. एकदा भिजली की तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओली आणि वास वेगळाच. पातळ ट्रॅकपँट, बर्म्युडा, सिंथेटिक टीशर्ट, हे पंख्याखाली रात्रीत वाळतात. जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा आणि पंचे न्या, माणशी दोन, पंच्याइतका गुणी कपडा नाही, अंग पुसा, डोक्याला बांधा, येताना त्यात नारळ बांधा. आतले कपडे मात्र मोजून दिवसाला दोन धरा, तिथे काटकसर करू नका. पाच दिवसांसाठी मी स्वतःसाठी चार टीशर्ट, दोन बर्म्युडा, एक ट्रॅकपँट, एक झब्बा आणि पूजेचं सोवळं एवढंच नेतो. पहिल्या वर्षी लग्नात घेतलेले ब्लेझरसुद्धा घेऊन गेलो होतो, का ते मला आजही सांगता येणार नाही. काकूने बॅग बघून विचारलं होतं, "एवढे कपडे कित्याक हाडलंस रे, चार दिस तर रवतलंस!"

बॅगेच्या आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी उघडून बसवा आणि सगळे कपडे तिच्यात भरा, तोंडाला पीळ देऊन गाठ. बॅगेवर बाहेरून घालायची रेनकव्हरं मिळतात पण प्लॅटफॉर्मवर साचलेल्या पाण्यात बॅग टेकवली की पाणी खालूनच येतं, आणि प्रायव्हेट बसच्या डिकीत तर विचारूच नका. टीशर्ट गुंडाळ्या करून भरले की जागा वाचते आणि वरून बघितलं की कुठला कुठे ते दिसतं. दिवसाचा एक संच, म्हणजे आतले कपडे, टीशर्ट, पँट, एकाच गुंडाळीत बांधला तर अजून सोपं, कारण गावच्या घरात एका खोलीत अकरा माणसं झोपलेली असतात आणि सकाळी अंधारात मोबाईलच्या उजेडात बॅग उपसायची असते.

रेशमी साडी किंवा पैठणी असेल तर ती गुंडाळू नका. घडी उलगडून वेगळ्या ठिकाणी मोडून घाला, जुन्या सुती ओढणीत लपेटा आणि सगळ्यात वर सपाट ठेवा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. आणि साडीच्या बॅगेत तूप, तेल, मध काहीही ठेवायचं नाही. आईच्या डाळिंबी साडीवर तुपाचा डाग अजून आहे, बरणीचं झाकण घट्ट होतं म्हणे.

चपला. लेदरचं काहीच नको, चार दिवसांत बुरशी धरते. पायात रबरी किंवा प्लॅस्टिकच्या सँडल, ज्यांना खाली चांगली ग्रिप आहे, आणि घरात घालायला एक स्लीपर, बास. शेवाळावर घसरून चतुर्थीच्याच दिवशी हात मोडलेली माणसं प्रत्येक वाडीत एक तरी सापडेल. आणि सकाळी चपला झटकून घालायच्या, आत काय बसलंय सांगता येत नाही.

खरी काळजीने भरायची बॅग ती खांद्यावरची छोटी, जी झोपतानाही डोक्याखाली राहते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे आधी नवीन वेळ बघा आणि मग डबा किती वेळचा ते ठरवा. त्यातून दरड आली की झालंच. २०२४ च्या जुलैमध्ये खेडजवळ दरड रुळावर आली तेव्हा गाड्या तासन्‌तास अडकल्या होत्या. म्हणून या बॅगेत एक वेळचं जास्तीचं खाणं, चपाती-चटणी, भडंग, राजगिऱ्याचे लाडू असं न आंबणारं, दोन बाटल्या पाणी, आणि रोजच्या गोळ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत आणि मोजून पाच दिवसांच्या तर अजिबात न्यायच्या नाहीत, चार दिवसांच्या जास्तीच्या ठेवा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. बाकी क्रोसिन, ओआरएसची पाकिटं, बँडेज, ओडोमॉस आणि पित्ताची गोळी. शेवटची मोदकांसाठी, हसू नका.

पैसे रोख न्या. यूपीआयच्या भरवशावर गेलं की नेमकी वाडीत रेंज नसते, आणि बाजारातल्या एटीएमपुढे सगळ्या मुंबईची रांग. दहा-वीसच्या नोटा आणि रुपयाची नाणी एका डबीत वेगळी ठेवा. घराघरात आरतीला जायचं, ताटात टाकायचं, भजनाच्या बुवांना द्यायचं, दर वेळी पाचशेची नोट काढून "सुट्टे आहेत का?" विचारत बसणार का?

लाईट जाणारच. पावर बँक चार्ज करून न्या, सेलवाली बॅटरी न्या (मोबाईलची टॉर्च चार्जिंग खाते आणि पावसात धरता येत नाही), आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या. हा बोर्ड म्हणजे सोनं. एक खोली, एक प्लग, अकरा मोबाईल. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटेही टाका, ओटीवर तुमची स्वतःची वलण बांधता येते, नाहीतर चुलत भावाचा पंचा आणि तुमचा पंचा यात फरक राहत नाही.

घरासाठी न्यायच्या गोष्टी गावी फोन करून विचारूनच ठरवा. मुंबईहून माणूस हौसेने हार-फुलं नेतो आणि गाडीत ती काळी पडतात, तिथे परसात फुलं असतात, माटवीला (गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट) बांधायला कवंडळं, कांगणं, हरणाची फुलं सगळं रानातूनच येतं. मूर्ती गावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, आधीच सांगितलेली असते. न्यायचंच तर लाईटच्या माळा, पडदे, चांगल्या उदबत्त्या, कोरडी मिठाई. फटाके ट्रेनमध्ये न्यायला बंदी आहे, पोरांनी कितीही हट्ट केला तरी ते तिथल्या बाजारातच घ्या.

आता मुख्य मुद्दा, जो लोक जाताना विसरतात. जाताना बॅग निम्मी रिकामी पाहिजे. तुम्ही कितीही नको म्हणा, निघायच्या सकाळी ओटीवर सामान येऊन बसतं: उकडे तांदूळ, कुळथाची पिठी, कोकमं, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली, मालवणी मसाला, काजू, जत्रेतलं नसलं तरी बाजारातलं खाजं (गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या), दोन तवशी (मोठ्या काकड्या), अळूची जुडी, आणि नारळ. नाही म्हणायची सोय नसते, काकूचा चेहरा बघवत नाही. त्यामुळे जाताना मोठ्या डफलच्या तळाशी दोन जाड कापडी पिशव्या घडी करून टाकलेल्या असू द्या, आणि गावी ठेवून येण्यासारखे एखाद-दोन जुने कपडे मुद्दाम न्या.

आगळाचं सांगतो, कारण त्याचा डाग जात नाही. बाटली गळ्यापर्यंत भरू देऊ नका, चार बोटं रिकामी ठेवा. झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि त्यावरून झाकण फिरवा, मग बाटली पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती मळलेल्या टीशर्टात गुंडाळून उभी, दोन नारळांच्या मध्ये. आडवी ठेवायची नाही म्हणजे नाही. नारळ सोलून घ्या, शेंडी तेवढी राहू द्या, वजन आणि जागा दोन्ही कमी होतात. तांदूळ सगळ्यात खाली, त्यावर नारळ, पिठी आणि मसाला कपड्यांच्या मध्ये, अळू आणि खाजं हातातल्या पिशवीत सगळ्यात वर. तवशी सीटखाली गडगडत जाते, तिला पंच्यात बांधा.

परत नग मोजा. जाताना समजा पाच होते, तर येतानाही पाचच पाहिजेत. ठाण्याला उतरताना समोरून लोकलची गर्दी येते.

घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी बॅग त्याच दिवशी रिकामी करा. ओलसर बॅग तशीच माळ्यावर टाकली तर दिवाळीला काढताना आत पांढरी बुरशी असते. उलटी करून लाल माती झटका, ओल्या फडक्याने पुसा, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा. दोरी, चिमटे, काळ्या पिशव्या आणि बॅटरी बाहेरच्या कप्प्यात तशाच राहू द्या, पुढच्या वर्षी शोधाशोध नको. बॅटरीतले सेल तेवढे काढून ठेवा, गळतात.