अंतरपाट दूर होताना फ्लॅश आणि एक्स्पोजर कसे सांभाळावे

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात दोन एक्स्पोजर (कॅमेऱ्यात नोंदला गेलेला प्रकाश) एकावर एक पडलेली असतात: एक मंगल कार्यालयातल्या उजेडाचे आणि दुसरे फ्लॅशचे. फ्लॅशची चमक साधारण हजारांश सेकंदात किंवा त्याहूनही लवकर संपते, त्यामुळे शटर कितीही वेळ उघडे राहिले तरी फ्लॅशच्या वाट्याला काही जास्त येत नाही. म्हणून शटरने पार्श्वभूमी उजळते किंवा काळवंडते, फ्लॅशच्या पॉवरने माणसे उजळतात, आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) व आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) हे पार्श्वभूमी आणि माणसे या दोन्हींवर एकदम परिणाम करतात. एवढे ध्यानात असले की निम्मे काम झाले.

फ्लॅश बंद ठेवून आधी कार्यालयाचा उजेड ठरवून घ्यावा. कॅमेरा मॅन्युअलवर आणि ऑटो आयएसओ बंद. आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर एफ/४ आणि शटर १/१०० यांपासून सुरुवात करून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक, म्हणजे मीटर, एक ते दीड स्टॉप कमी दाखवेल असे बसवावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ‘नॉइज येईल, आयएसओ १०० सोडू नका’ हा सल्ला फिल्मच्या काळातला आहे. तो पाळला तर वधूवर काळ्याकुट्ट भुयारात उभे असल्यासारखे दिसतात. शटर १/१०० वर ठेवण्याचे कारण असे की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात; १/१०० मध्ये एक लुकलुक पूर्ण मावते. बहुतेक फुलफ्रेम कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटर १/२०० किंवा १/२५० पेक्षा वेगवान केल्यास फ्रेमवर काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंकने (वेगवान शटरसाठीची फ्लॅशची सोय) तो टळतो, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते आणि कार्यालयाच्या आत त्याची गरजही पडत नाही.

छत पांढरे आणि बेताच्या उंचीचे असेल तर फ्लॅश छताकडे वळवावा. वर गुलाबी कापडाचा मांडव असेल तर वळवू नये, चेहरे गुलाबी होतात.

आता खरी अडचण. टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवण्याच्या पद्धतीत, कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडतो, परत आलेला प्रकाश मोजतो आणि समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे समजून पॉवर ठरवतो. वधूच्या बाजूने तिरके उभे राहिल्यास पांढरा अंतरपाट फ्रेमचा निम्मा भाग व्यापतो. कॅमेऱ्याला वाटते की प्रकाश जास्त झाला. तो पॉवर कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. अनेक वर्षांपूर्वी एका लग्नात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर असे अंधारलेले चेहरे पाहून मी घाईने फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे टीटीएलच्या पॉवरवर हाताने दिलेली वाढ, सव्वा स्टॉपने वाढवले. पुढच्याच मिनिटाला शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट सरला आणि मागे उघडा पडला तो गर्द मरून मखमली पडदा. या वेळी कॅमेऱ्याने स्वतःहून पॉवर वाढवली, त्यात माझी वाढ मिसळली, आणि हार घालतानाचे सगळे चेहरे पांढरेफटक झाले. रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) अंधार थोडाफार उजळता येतो. जळालेल्या, म्हणजे पार पांढऱ्या पडलेल्या, कपाळावरचा तपशील मात्र परत येत नाही. जरीची पैठणी आणि चकचकीत मुंडावळ्याही मीटरला अशाच चकवतात.

म्हणूनच ‘टीटीएलवर ठेवा आणि निश्चिंत व्हा’ असे सांगणाऱ्याने अंतरपाटासमोर काम केलेले नाही, असे मी खुशाल समजतो. मंगलाष्टकांत कोणीही जागा सोडत नाही, फ्लॅशपासूनचे अंतर ठरलेले असते, आणि अंतर ठरलेले असताना पॉवर दर फ्रेमला नव्याने मोजण्यात काहीच अर्थ नाही. पहिले मंगलाष्टक सुरू होण्याआधी फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ ला (पूर्ण ताकदीच्या सोळाव्या हिश्शाला) ठेवून गुरुजींचा एक फोटो घ्यावा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-काळ्या छटांचा आलेख) पाहावा आणि गालावरचा प्रकाश जळू न देता पॉवर १/८ किंवा १/३२ कडे सरकवावी. गुरुजींचे पांढरे उपरणे किंचित जळाले तर जळू द्यावे, चेहरा महत्त्वाचा. एवढ्या पॉवरला फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो, त्यामुळे अंतरपाट सरताना सलग चार-पाच फ्रेम मिळतात.

यानंतर स्वतःची जागा सोडू नये. थेट फ्लॅशमध्ये ३ मीटरवरून २ मीटरवर आलात तर चेहऱ्यावरचा प्रकाश सव्वादोन पट होतो, म्हणजे एका स्टॉपहून जास्त. पुढे सरकणे भागच असेल तर पॉवर एक स्टॉप उतरवावी. छतावरून येणाऱ्या प्रकाशात हा फरक पुष्कळ सौम्य असतो.

वरात, पंगत, नातेवाइकांची गर्दी, म्हणजे जिथे अंतर सारखे बदलते तिथे टीटीएल चांगले. तिथेही पांढरे कपडे फ्रेम व्यापत असतील तर आधी चेहऱ्यावर नेम धरून फ्लॅशचे मापन लॉक करावे. निकॉनवर त्याला एफव्ही लॉक आणि कॅननवर एफईएल म्हणतात. लॉक करताना पडणाऱ्या चाचणी-चमकेने लोक डोळे मिटतात, म्हणून खरा फोटो क्षणभर थांबून घ्यावा.

अक्षतांचे एक वेगळेच. थेट फ्लॅश लावल्यास लेन्सजवळून जाणारे दाणे पांढरे गोळे होऊन चेहऱ्यांवर उमटतात. तेव्हा फ्लॅश छताकडे वळवलेला असावा, किंवा जरा मागे राहून लांब लेन्स लावावी. मात्र मागे गेल्यावर पॉवर पुन्हा तपासावी.